दस्त नोंदला, मालकीचे काय?

गृहकर्ज काढून घर घेणाऱ्या माणसाच्या मनात एक समजूत फार खोलवर बसलेली असते. बँकेच्या वकिलाने कागद तपासले आहेत, सरकारने दस्त नोंदवून घेतला आहे, अर्थात घर निर्वेध आहे. या वाक्यातले पहिले दोन भाग खरे असतात. तिसरा भाग त्यांच्यातून निष्पन्न होत नाही, आणि तो निष्पन्न होत नाही हे त्या माणसाला कोणीही सांगत नाही. बँक सांगत नाही, दलाल सांगत नाही आणि ज्या शासनाने त्याच्याकडून मुद्रांक शुल्क घेतलेले असते ते शासनही सांगत नाही. माझा आक्षेप मुख्यतः या शेवटच्या मौनाला आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते. म्हणजे घर घ्यायचे तर शासनाच्या दारात जाणे अनिवार्य आहे. पण दारात गेल्यावर दुय्यम निबंधक काय पाहतो? १९०८ च्या नोंदणी अधिनियमाच्या कलम ३४ व ३५ नुसार तो एवढेच पाहतो की दस्त करून देणारी व्यक्ती तीच आहे का, आणि दस्त आपणच केला हे ती मान्य करते का. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क आहे की नाही हा प्रश्न त्याच्या टेबलावर येतच नाही. ऐंशी लाखांच्या सदनिकेवर सहा टक्के दराने चार लाख ऐंशी हजार रुपये शुल्क भरून खरेदीदार जे घेऊन घरी येतो, ती त्या दोघांत असा व्यवहार झाल्याची सरकारी पोच असते. मालकीचे प्रमाणपत्र ते नव्हे.

आता बँकेकडे वळू. बँकेचा पॅनेलवरील वकील बहुधा तीस वर्षांचा शोध घेतो. गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत तीस वर्षे आहे. हा आकडा कोठून आला याचा विचार करताना तेवढे लक्षात ठेवावे. त्या शोधाची फी कर्जदार भरतो, पण अहवाल लिहिलेला असतो बँकेच्या नावे. पुष्कळ ठिकाणी त्याची प्रतही कर्जदाराला मिळत नाही. आणि पुढची गोष्ट तर मी सुशिक्षित माणसांना सांगितली तरी त्यांचा विश्वास बसत नाही. त्याच १८८२ च्या कायद्याचे कलम ६५ असे धरून चालते की गहाण ठेवणारा, म्हणजे आपण, गहाणदाराला, म्हणजे बँकेला, आपल्या हक्काची हमी देत असतो. बँकेच्या वकिलाने ज्या मालकीची तपासणी केली तिची हमी बँक आपल्याला देत नाही. आपण ती बँकेला देतो! मालकी खोटी निघाली तर बँकेचे तारण बुडते हे खरे, पण कर्जफेडीचे आपण दिलेले वैयक्तिक वचन बुडत नाही. घर हातचे जाते आणि हप्ता मात्र चालूच राहतो.

विक्रेत्यावर कायद्याने बंधन नाही असे मात्र नाही. कलम ५५ विक्रेत्याला सांगते की मिळकतीतील अथवा हक्कातील जो महत्त्वाचा दोष तुला ठाऊक आहे आणि खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही कळणार नाही, तो तू उघड केलाच पाहिजेस. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचे हे कलम आजही सुंदर वाटते. माझा प्रश्न इतकाच की जे कर्तव्य कायद्याने खासगी विक्रेत्यावर लादले, तेच कर्तव्य त्या विक्रीतून वाटा घेणाऱ्या शासनावर का नसावे? शासनाला तर विक्रेत्याहूनही अधिक ठाऊक असते. भूसंपादनाची अधिसूचना, नगरपालिकेची अनधिकृत बांधकामाची नोटीस, कराची थकबाकी, महसुली न्यायालयातील अपील, बँकांनी नोंदवलेले बोजे, हे सारे शासनाच्या कोणत्या ना कोणत्या दप्तरात असते. फक्त ते दुय्यम निबंधकाच्या दप्तरात नसते.

यातला सर्वांत मोठा खड्डा हक्कलेख ठेवून केलेल्या गहाणाचा आहे. कलम ५८ च्या खंड (च) नुसार अधिसूचित शहरांत मूळ खरेदीखत सावकाराच्या हाती तारण म्हणून सोपवले की गहाण पुरे होते. लेखी करार नको, नोंदणी नको. व्यापारी पेठांच्या सोयीसाठी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांपुरती असलेली ही सवलत पुढे राज्यांनी शहरामागून शहराला लागू केली आणि आज गृहकर्जांचा फार मोठा भाग याच पद्धतीने दिला जातो. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची सूचना निबंधकाकडे देणे बंधनकारक झाले. आणखी काही राज्यांनीही आपापल्या परीने तजवीज केली. पण जेथे वा ज्या काळात अशी तजवीज नव्हती, तेथे बोजा प्रमाणपत्र कोरे येते आणि तरीही घर गहाण असू शकते.

असे एक प्रकरण माझ्याकडे आले होते. माझी नेमणूक तेव्हा महाराष्ट्राबाहेर दक्षिणेत होती. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेले एक मराठी दांपत्य. दोघांच्या पगारावर कर्ज काढून त्यांनी जुनी सदनिका घेतली होती. बोजा प्रमाणपत्र कोरे, दस्त रीतसर नोंदलेला, बँकेच्या वकिलाचा अहवाल अनुकूल. दोन वर्षांनी दारावर दुसऱ्याच एका बँकेची ताब्याची नोटीस चिकटली. आधीच्या मालकाने मूळ खरेदीखत त्या बँकेत ठेवून कर्ज उचलले होते. नंतर त्याने "कागद गहाळ झाले" अशी पोलिसांत तक्रार दिली, वर्तमानपत्रात चार ओळींची जाहिरात दिली आणि निबंधकाकडून प्रमाणित प्रत काढून तिच्या आधारे घर यांना विकले. प्रमाणित प्रतीवर यांच्या बँकेनेही कर्ज दिले. मी ते सारे कागद मागवून एका रविवारी बसून वाचले. प्रत देणाऱ्या कारकुनाने नियमाप्रमाणे प्रत दिली होती, पोलिसांनी नियमाप्रमाणे दाखला दिला होता, निबंधकाने नियमाप्रमाणे दस्त नोंदला होता. त्या संपूर्ण प्रकरणात एकाही सरकारी नोकराने एकही नियम मोडलेला नव्हता! कारवाई करावी तर कोणावर? माझी बदली झाली तेव्हा ते दांपत्य कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या तारखा मोजत होते आणि आपल्या बँकेचा हप्ताही न चुकता भरत होते.

अशी नोटीस आल्यावर बहुतेक लोक दिवाणी न्यायालयाकडे धावतात, आणि तेथेच मौल्यवान दिवस जातात. २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम ३४ ने ज्या बाबी न्यायाधिकरणाकडे सोपवल्या आहेत त्यांत दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही. बँकेच्या कारवाईने बाधित झालेल्या कोणत्याही व्यक्तीला, मग ती कर्जदार नसली तरी, कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येते आणि त्याची मुदत पंचेचाळीस दिवसांची आहे. ही मुदत दारावरच्या कागदावर ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती करायला किती खर्च आला असता?

याच सरफेसी कायद्याने बोजांची केंद्रीय नोंदवही ठेवण्याची तरतूद केली होती. कायदा २००२ चा. सरसाई या नावाने ती नोंदवही प्रत्यक्षात सुरू झाली मार्च २०११ मध्ये. मधली नऊ वर्षे तरतूद कागदावर होती आणि एकाच घरावर अनेक बँकांची कर्जे उचलण्याचा उद्योग प्रत्यक्षात होता. तेथील नोंद म्हणजे जगाला दिलेली जाहीर सूचना होय, हे सांगणारी तरतूद २०१६ च्या दुरुस्तीतली. ती अमलात आली जानेवारी २०२० मध्ये. आज ही नोंदवही कोणालाही अल्प शुल्क भरून पाहता येते, आणि घर घेणाऱ्या प्रत्येकाने ती पाहावीच. पण माझा मुद्दा निराळा आहे. ही नोंदवही केंद्र शासनाच्या कायद्याने निर्माण झाली. नोंदणी अधिनियमही केंद्राचाच. तरीही १९०८ चा कायदा दुय्यम निबंधकाला ती उघडून पाहायला सांगत नाही. एका सरकारी पडद्यावर बोजा दिसत असताना दुसऱ्या सरकारी पडद्यावर विक्री नोंदली जाऊ शकते, आणि यात कोणालाही वावगे वाटत नाही.

घरापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसाला यात एक जास्तीचा धोका असतो. तो मनात सातबारा, मिळकत पत्रिका आणि इंडेक्स टू घेऊन परप्रांतात जातो आणि तेथील कागदांना तेच अर्थ लावतो. बंगळूरमध्ये त्याला "खाता" दाखवतात. खाता ही मालमत्ताकराची नोंद आहे, हक्काची नव्हे. फेरफाराच्या नोंदीने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे, आणि हे आपल्या सातबाऱ्यालाही लागू आहे, याचे स्मरण असावे. दिल्लीत कुलमुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र या त्रिकुटावर पिढ्यान्‌पिढ्या घरे विकली गेली; अशा कागदांनी मालकी जात नाही, हे २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. पुढे २०१९ मध्ये संसदेला तेथील १७३१ अनधिकृत वसाहतींतील रहिवाशांच्या हक्कांसाठी वेगळा कायदा करावा लागला. गोव्यात पतिपत्नींच्या सामाईक मालमत्तेची पोर्तुगीज काळापासूनची पद्धत आहे. विक्रेत्याच्या जोडीदाराची सही नसेल तर व्यवहार अडतो.

आणखी एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. न्यायालयात दावा चालू असताना घेतलेली मिळकत त्या दाव्याच्या निकालाला बांधील राहते, मग खरेदीदाराला दाव्याची गंधवार्ता नसली तरी. कलम ५२ चा हा नियम देशभर आहे. मात्र मुंबई प्रांताने १९३९ साली त्यात दुरुस्ती करून बृहन्मुंबईसाठी अशी अट घातली की दाव्याची सूचना निबंधकाकडे नोंदलेली असेल तरच खरेदीदार बांधला जाईल. केवढी साधी आणि न्याय्य गोष्ट! दावा लावणाऱ्याने तो जाहीर करावा, नपेक्षा अजाण माणसाला त्याचा फास बसू नये. ऐंशीहून अधिक वर्षे झाली, ही कल्पना साऱ्या देशाला लागू करावी असे दिल्लीतील एकाही विधी सचिवाच्या मनात येऊ नये?

माझ्या मताला सेवेतील सहकारी तीन आक्षेप घेतात. पहिला, निबंधक हा न्यायाधीश नव्हे. याला २०२५ सालच्या दोन निकालांचा आधार दिला जातो. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा नियम रद्द केला. विक्रेत्याने आपल्या हक्काचे मूळ कागद दाखवल्याखेरीज दस्त नोंदू नये असा तो होता. नोव्हेंबरमध्ये बिहारचा नियम रद्द झाला, जो विक्रेत्याच्या नावे जमाबंदी असल्याचा पुरावा मागत होता. दोन्ही निकाल मला मान्य आहेत. खुर्चीवर बसलेल्या माणसाला नकाराचा अधिकार दिला की त्या नकाराचा बाजारभाव ठरायला वेळ लागत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. पण न्यायालयाने नाकारण्याला मनाई केली आहे; सांगण्याला नव्हे. दस्त नोंदावाच, पण नोंदण्यापूर्वी शासनाला ज्ञात असलेल्या गोष्टी छापून खरेदीदाराच्या हाती द्याव्यात, यात कोणत्या निकालाचा भंग होतो? उलट बिहारच्या त्या निकालात न्यायालयाने नोंदणी आणि मालकी यांतल्या फारकतीबद्दलच चिंता व्यक्त करून विधी आयोगाला अभ्यास करायला सांगितले आहे.

दुसरा आक्षेप असा की लवकरच मालकीची सरकारी हमी देणारी पद्धत येणार आहे, तेव्हा मधल्या मलमपट्ट्या कशाला? हे "लवकरच" मी माझ्या साऱ्या नोकरीत ऐकले. दक्षिण ऑस्ट्रेलियात टॉरेन्स यांनी ही पद्धत १८५८ मध्ये आणली. आपल्याकडे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी नियोजन आयोगासाठी या विषयावरचा अहवाल १९८९ मध्ये दिला. २००८ च्या राष्ट्रीय भूमी अभिलेख कार्यक्रमाचे अंतिम उद्दिष्ट तेच होते. राजस्थानने २०१६ मध्ये शहरी जमिनींपुरता कायदा केला. आंध्रने २०२२ चा कायदा २०२३ मध्ये अमलात आणला आणि जमीन हातची जाईल या लोकांच्या भीतीपोटी तो निवडणुकीचा मुद्दा होऊन २०२४ मध्ये रद्दही झाला. ज्या महसुली यंत्रणेच्या नोंदींवर लोकांचा विश्वास नाही, तिच्याच हाती अंतिम मालकी ठरवण्याचा अधिकार देऊ केला तर लोक बिथरणारच. म्हणून मी हमी मागत नाही. हमी येईल तेव्हा येवो. मी फक्त माहिती मागतो.

तिसरा आक्षेप कर्मचारी आणि खर्चाचा. त्याचे उत्तर शुल्काच्या रकमेत आहे. ते वर आलेच आहे.

आणि नियमाला किंमत जोडली की यंत्रणा हलते याचा दाखला याच क्षेत्रात आहे. कर्ज फिटल्यावर मूळ कागद परत मिळवायला लोक महिनोन्‌महिने खेटे घालत. सप्टेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत द्यावेत व बोजा उतरवावा. बँकेच्या दोषाने विलंब झाल्यास दर दिवशी पाच हजार रुपये भरपाई द्यावी. कागद गहाळ केले असतील तर प्रमाणित प्रती मिळवून देण्याचा खर्चही बँकेचा. जे नियामकाला खासगी आणि सरकारी बँकांच्या बाबतीत जमले, ते शासनाला स्वतःच्या कार्यालयाच्या बाबतीत का जमू नये? (कर्ज मंजूर होताना बँकेकडे कोणकोणते मूळ कागद दिले त्याची सहीशिक्क्याची यादी मात्र जपून ठेवावी. ती नसेल तर काय गहाळ झाले हे सिद्ध करायला आपण मोकळे, आणि बँक ते नाकारायला मोकळी.)

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पांत हेच दुखणे दुहेरी होते. बिल्डरने साऱ्या जमिनीवर एका बँकेचे कर्ज घेतलेले असते आणि त्याच जमिनीवरील सदनिकेसाठी ग्राहक दुसऱ्या बँकेचे घेतो. २०१६ च्या रेरा कायद्याने येथे बरेच केले. करार नोंदल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. करारानंतर बिल्डरने ती सदनिका गहाण टाकली तरी ग्राहकाचा हक्क बाधित होत नाही. सदोष हक्काबद्दलच्या भरपाईला मुदतीचे बंधन नाही. पण करारापूर्वीचे गहाण कायम राहते, म्हणून त्या बँकेचे ना हरकत पत्र आपल्या सदनिकेच्या क्रमांकासह मागावे. नोएडातील आम्रपाली प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की बिल्डरकडील थकबाकीसाठी बँका आणि प्राधिकरणे ग्राहकांच्या घरांवर हात टाकू शकत नाहीत. २०२५ मध्ये बिल्डर आणि बँकांच्या संगनमताची केंद्रीय अन्वेषण विभागाकडून चौकशी करण्याचे आदेशही त्याच न्यायालयाला द्यावे लागले. प्रशासन झोपले की न्यायालयाला प्रशासन करावे लागते, आणि ते खर्चिक व सावकाश असते.

मे २०२५ मध्ये केंद्राच्या भूसंसाधन विभागाने १९०८ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या नोंदणी विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि हक्कलेख ठेवून केलेले गहाण यांची नोंदणी सक्तीची करण्याचा त्यात प्रस्ताव होता. तो योग्यच आहे. माझ्याकडे आलेल्या त्या दांपत्याच्या वेळी तो कायदा असता तर त्यांच्या बोजा प्रमाणपत्रावर गहाण दिसले असते. त्या मसुद्यावर मी एक नागरिक या नात्याने एकाच परिच्छेदाची सूचना पाठवली. दस्त सादर झाल्यावर व तो नोंदण्यापूर्वी दुय्यम निबंधकाने खरेदीदाराला त्याच्या भाषेत एक पानाचे निवेदन द्यावे: सरसाईवरील बोजे, भूसंपादनाची अधिसूचना, स्थानिक संस्थेच्या नोटिसा व थकबाकी, आणि नोंदवलेले दावे. निवेदन वाचून खरेदीदाराने माघार घेतली तर भरलेले मुद्रांक शुल्क पूर्ण परत मिळावे. आणि शासनाच्या दप्तरात असलेली एखादी नोंद निवेदनात आली नाही, व त्यामुळे खरेदीदाराचे नुकसान झाले, तर निदान त्याने भरलेल्या मुद्रांक शुल्काइतकी रक्कम शासनाने त्याला साठ दिवसांत द्यावी, दावा न लावता.